पारख आणि तुलना : सर्किट बोर्डांच्या कॅमेरा-तपासणीची चिकित्सा

सारांश

इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील सर्किट बोर्डांची जुळणी पूर्ण झाल्यावर त्यांवरील सांध्यांची तपासणी आज मोठ्या प्रमाणावर कॅमेरा आणि संगणक यांच्या साहाय्याने केली जाते. ही तपासणी मानवी तपासणीपेक्षा वेगवान असते, त्याचप्रमाणे ती अधिक वस्तुनिष्ठही असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. यांपैकी पहिले विधान निर्विवाद आहे; दुसऱ्या विधानाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. जुळणी-उद्योगात प्रमाण मानला जाणारा 'आयपीसी-ए-६१०' हा मानक-ग्रंथ आणि कॅमेरा-तपासणीची प्रत्यक्ष कार्यपद्धती यांचा एकत्रित विचार करून, यंत्र केवळ तुलना करते, पारख मात्र माणसाचीच असते आणि यांत्रिकीकरणामुळे या पारखीची केवळ जागा व वेळ बदलते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : सर्किट बोर्ड, स्वयंचलित प्रकाशीय तपासणी, मानक, वस्तुनिष्ठता, दोष, पडताळणी.

प्रस्तावना

दूरचित्रवाणी संच असो, वाहनातील नियंत्रक असो की रुग्णालयातील हृदयाचे ठोके नोंदवणारे यंत्र असो, त्याच्या अंतरंगात सर्किट बोर्ड असतोच. या बोर्डाची जुळणी ठरावीक क्रमाने होते. प्रथम तांब्याच्या उघड्या पॅडवर पोलादी जाळीतून, म्हणजेच स्टेन्सिलमधून, सोल्डर पेस्टचा थर दिला जातो. त्यावर यंत्राच्या साहाय्याने सुटे घटक ठेवले जातात आणि शेवटी बोर्ड भट्टीतून नेला जातो. भट्टीत सोल्डर वितळते, पुन्हा गोठते आणि घटक व पॅड यांच्यामध्ये सांधा तयार होतो. तांबट-सोनारांच्या बोलीत ज्याला 'डाख देणे' म्हणतात, त्याचेच हे सूक्ष्म रूप होय. आज वापरात असलेल्या अतिलहान घटकांची लांबी ०.४ मिलिमीटर व रुंदी ०.२ मिलिमीटर एवढीच असते आणि एकेका बोर्डावर सांध्यांची संख्या सहज हजारांच्या घरात जाते.

पूर्वी ही तपासणी भिंगाच्या दिव्याखाली बसलेले तपासनीस करीत. ते काम आता स्वयंचलित प्रकाशीय तपासणी-यंत्राकडे आले असून कारखान्यात त्याला 'एओआय' या लघुनावाने ओळखतात. या विषयाचा अभ्यास जुना आहे. रोलंड चिन व चार्ल्स हार्लो यांनी १९८२ मध्ये स्वयंचलित दृश्य-तपासणीचा व्यापक आढावा घेतला. १९९६ मध्ये मोगंती, एर्जल, दागली व त्सुनेकावा यांनी केवळ सर्किट बोर्डांच्या तपासणीतील गणनपद्धतींचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले आणि त्यांचे तीन गट पाडले : नमुन्याशी तुलना करणाऱ्या, रचनेचे नियम पडताळणाऱ्या आणि या दोहोंचा संकर असलेल्या. यंत्राने दोष कसा शोधावा, यावर अशा सर्वेक्षणांचा भर असणे स्वाभाविक आहे. तथापि, त्याआधीचा एक प्रश्न शिल्लक राहतो. ज्याला यंत्र दोष म्हणते, तो दोष आहे हे कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे ठरवले? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे.

मानक-ग्रंथाचे वाचन

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम 'आयपीसी-ए-६१०' या ग्रंथाकडे वळावे लागते. आयपीसी ही संस्था अमेरिकेत १९५७ मध्ये स्थापन झाली. २०२५ पासून ती ग्लोबल इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन या नावाने ओळखली जाते. इलेक्ट्रॉनिक जुळणी स्वीकारार्ह केव्हा मानावी, हे सांगणारा तिचा हा ग्रंथ प्रथम १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या. ग्रंथाचे स्वरूप एखाद्या सचित्र कोशासारखे आहे. सांध्याचे चित्र किंवा छायाचित्र द्यायचे आणि त्याखाली त्याचा निवाडा शब्दांत मांडायचा, अशी त्याची मांडणी आहे.

या ग्रंथाची तीन वैशिष्ट्ये प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत.

पहिले वैशिष्ट्य म्हणजे उत्पादनांचे तीन वर्ग. सर्वसाधारण वापराची उत्पादने पहिल्या वर्गात, दीर्घकाळ अखंड सेवा अपेक्षित असलेली उत्पादने दुसऱ्या वर्गात आणि ज्यांचे बंद पडणे मुळीच परवडणारे नाही अशी, उदाहरणार्थ जीवरक्षक, उत्पादने तिसऱ्या वर्गात मोडतात. दोन टोकांचा चिप घटक पॅडवरून बाजूला सरकला असेल, तर पहिल्या व दुसऱ्या वर्गात त्याच्या किंवा पॅडच्या रुंदीच्या, यांपैकी जी कमी असेल तिच्या, ५० टक्क्यांपर्यंतचे सरकणे चालते. तिसऱ्या वर्गात ही मर्यादा २५ टक्क्यांवर येते. म्हणजे ४० टक्के सरकलेला एकच घटक एका बोर्डावर निर्दोष ठरतो आणि दुसऱ्यावर सदोष. दोन्ही ठिकाणी छायाचित्र अगदी सारखेच दिसेल. यावरून निवाडा छायाचित्रात नसतो, ही गोष्ट स्पष्ट होते. तो उत्पादनाच्या हेतूत आणि उत्पादक व ग्राहक यांच्या करारात असतो.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे निवाड्यांचे प्रकार. ग्रंथात केवळ 'चांगले' आणि 'वाईट' असे दोनच निवाडे नाहीत. स्वीकारार्ह आणि सदोष यांच्या जोडीला 'प्रक्रिया-निदर्शक' असा आणखी एक प्रकार आहे. असा सांधा वापरण्यास हरकत नसते, मात्र उत्पादनप्रक्रियेत काहीतरी बदलू लागले असल्याची ती सूचना असते. पूर्वीच्या आवृत्त्यांत 'आदर्श स्थिती' हाही एक प्रकार होता. २०२० च्या 'एच' आवृत्तीत तो वगळण्यात आला. आदर्शाचे चित्र गेले आणि स्वीकारार्हतेची सीमारेषा तेवढी राहिली, हा बदल विचार करण्याजोगा आहे. सांधा किती सुंदर आहे हे ठरवणे ग्रंथाला अभिप्रेत नाही. तो कामाला पुरेसा आहे की नाही, एवढेच त्याला ठरवायचे आहे.

तिसरे वैशिष्ट्य सर्वांत मूलगामी आहे. चित्र आणि मजकूर यांच्यात विसंगती आढळल्यास मजकूर प्रमाण मानावा, असा या ग्रंथाचा नियम आहे. चित्रांनी भरलेला ग्रंथच चित्राला दुय्यम स्थान देतो. चित्र उदाहरणादाखल असते, नियम शब्दांत असतो आणि त्या दोहोंची सांगड तपासनिसाने स्वतःच्या प्रशिक्षित बुद्धीने घालायची असते.

यंत्र काय पाहते?

या पार्श्वभूमीवर यंत्राची कार्यपद्धती पाहणे उद्बोधक ठरते. कॅमेऱ्यासमोर बोर्ड येताच यंत्र त्यावरील संदर्भ-खुणा शोधते, बोर्डाची नेमकी स्थिती निश्चित करते आणि प्रत्येक घटकाच्या जागेवर पूर्वी शिकवलेल्या नमुन्याशी तुलना करू लागते. सांध्याचा उतार ओळखण्यासाठी एक कल्पक पद्धत वापरली जाते. तीन रंगांचे वर्तुळाकार दिवे वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश टाकतात : वरून लाल, मधून हिरवा आणि खालच्या बाजूने निळा. चकचकीत सोल्डरच्या सपाट भागावरून लाल प्रकाश कॅमेऱ्यात परततो, तर तीव्र उताराच्या भागावरून निळा. त्यामुळे उंचसखलपणाचे रूपांतर रंगांत होते आणि चांगला सांधा निळ्या पट्ट्याच्या रूपाने ओळखू येतो. अलीकडच्या त्रिमितीय यंत्रांत पृष्ठभागावर रेषांचा आकृतिबंध पाडून प्रत्यक्ष उंचीही मोजली जाते.

या पद्धतीची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. घटक जागेवर नसणे, उलटा बसणे किंवा त्याची ध्रुवीयता चुकणे अशा बाबी यंत्र न थकता शोधते. प्रत्येक सांध्याची नोंद ठेवते आणि पेस्टच्या टप्प्यावर मिळालेल्या मापांवरून आधीच्या यंत्राला दुरुस्तीची सूचनाही देऊ शकते. ०.४ मिलिमीटरचे हजारो घटक आठ तास डोळ्यांनी तपासण्याची अपेक्षा कोणत्याही माणसाकडून करणे अमानुष ठरेल. असे असले, तरी वर सांगितलेली तिन्ही वैशिष्ट्ये या प्रक्रियेत कोठे जातात, हे विचारलेच पाहिजे.

वर्गाचा प्रश्न यंत्राला पडत नाही. कार्यक्रम तयार करणाऱ्या अभियंत्याने सरकण्याची मर्यादा २५ टक्के भरली की ५० टक्के, यावर निकाल अवलंबून असतो. 'प्रक्रिया-निदर्शक' हा मधला निवाडा 'उत्तीर्ण' आणि 'अनुत्तीर्ण' या दोन उत्तरांच्या व्यवस्थेत सहज हरवतो. आकडेवारीवरून तो परत मिळवता येतो, परंतु त्यासाठी ती आकडेवारी कोणीतरी वाचावी लागते. शब्द आणि चित्र यांचा क्रम तर पूर्णपणे उलटतो. ग्रंथात शब्द प्रमाण असतो. यंत्राजवळ मात्र चित्राखेरीज काहीच नसते. सोल्डर धातूवर नीट पसरले पाहिजे, या विधानातील 'नीट' हा शब्द यंत्राला कळत नाही. त्याला कळते ती निळ्या बिंदूंची संख्या आणि त्या संख्येसाठी ठरवून दिलेली मर्यादा.

शिवाय, जे दिसत नाही त्याविषयी कॅमेरा मौन पाळतो. 'बॉल ग्रिड अ‍ॅरे' प्रकारच्या घटकांचे सांधे घटकाच्या पोटाखाली असतात. त्यांच्यासाठी क्ष-किरण तपासणीची स्वतंत्र व्यवस्था लागते. वरून घटक जागेवर दिसतो आणि खाली सोल्डरचा गोळा पेस्टवर नुसता टेकलेला असतो, त्यांच्यात एकजीवता झालेलीच नसते. अशा दोषाला उद्योगात 'हेड-इन-पिलो', म्हणजे उशीवर ठेवलेले डोके, असे नाव आहे. एका टोकावर उभ्या राहिलेल्या चिप घटकाला 'टूमस्टोन', म्हणजे थडग्याचा दगड, म्हणतात. दोन पॅडच्या दरम्यान पसरलेल्या सोल्डरला 'ब्रिज', म्हणजे पूल, म्हणतात. मराठी मुलखातील दुरुस्ती-दुकानांत 'ड्राय' हा एकच शब्द रोगाचे निदान आणि त्याचे कारण एकदमच सांगून जातो. ही सारी रूपके माणसाच्या डोळ्याने घडवली आहेत. त्यांत आकाराबरोबरच कार्यकारणभावही दडलेला आहे. चिप उभी राहते ती दोन टोकांवरील वितळलेल्या सोल्डरची ओढ असमान झाल्यामुळे, हे जाणकार तपासनीस त्या आकारातच वाचतो. यंत्र फरक नोंदवते. त्या फरकाचा अर्थ लावणे हे पारखीचे काम आहे.

चमक : एका निकषाचा अंत

दिसणे आणि असणे यांतील अंतर किती मोठे असू शकते, याचे उत्तम उदाहरण इतिहासात सापडते. अनेक दशके कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूचे सोल्डर वापरले जात असे. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते आणि गोठल्यावर गुळगुळीत व चकचकीत दिसते. त्यामुळे 'चकचकीत सांधा म्हणजे चांगला सांधा' हा संस्कार तपासनिसांच्या पिढ्यांवर झाला. मंद, खरखरीत सांधा दिसला की तो 'कोरडा' असल्याची शंका येई आणि ती बहुधा खरीही ठरे.

युरोपीय संघाच्या घातक पदार्थांवरील निर्बंधांची अंमलबजावणी १ जुलै २००६ पासून सुरू झाली आणि बहुसंख्य उत्पादनांतून शिसे हद्दपार झाले. त्याऐवजी कथील, चांदी व तांबे यांचे जे मिश्रण रूढ झाले, ते सुमारे २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान वितळते आणि त्याचा उत्तम सांधाही अनेकदा मंद व कणीदार दिसतो. मानकाच्या २००५ मधील 'डी' आवृत्तीने या बदलाची दखल घेतली आणि असे रूप शिसेविरहित सांध्याच्या बाबतीत स्वाभाविक असल्याचे मान्य केले.

या घटनेचे महत्त्व तांत्रिक तपशिलापुरते मर्यादित नाही. कालपर्यंत जे रूप संशयास्पद होते, तेच एका कायद्यामुळे स्वीकारार्ह झाले. चमक हे चांगल्या सांध्याचे लक्षण होते, ते त्याचे सत्त्व नव्हते, हे यामुळे उघड झाले. अनुभवी तपासनिसाला नजर बदलण्यासाठी सराव करावा लागला, पण का बदलायचे हे त्याला सांगता येत होते. प्रकाशाच्या परावर्तनावरच ज्याचे सारे ज्ञान अवलंबून, त्या यंत्राला मात्र नवे नमुने व नव्या मर्यादा माणसानेच पुरवाव्या लागल्या. निकषाची कालबाह्यता ओळखण्याची क्षमता निकषाच्या आत नसते.

पडताळणीच्या पडद्यासमोर

यंत्राने सदोष ठरवलेला बोर्ड थेट टाकून दिला जात नाही. त्याची छायाचित्रे पडताळणी-केंद्रावर बसलेल्या कामगारापुढे येतात. खरा दोष असेल तर बोर्ड दुरुस्तीला जातो, नसेल तर 'ठीक' अशी कळ दाबून पुढे पाठवला जातो. यंत्राने चांगल्या सांध्याला सदोष म्हटले तर तो 'फॉल्स कॉल' आणि सदोष सांधा चांगला म्हणून सोडला तर तो 'एस्केप', अशा संज्ञा रूढ आहेत. मर्यादा कडक केली की पहिल्या प्रकारची चूक वाढते, सैल केली की दुसऱ्या प्रकारची. एकाच प्रतिमेवरून निर्णय घ्यायचा असेल, तर एक चूक कमी करताना दुसरी काही प्रमाणात वाढतेच.

एक काल्पनिक हिशेब मांडला, तर त्याचा परिणाम लक्षात येईल. समजा, एका बोर्डावर १,००० सांधे आहेत आणि असे १,००० बोर्ड तपासले. एकूण सांधे १० लाख झाले. त्यांत खरे दोष २० असून यंत्राने ते सर्व पकडले आणि दर २,००० चांगल्या सांध्यांमागे एक सांधा चुकीने सदोष ठरवला, असे मानू. म्हणजे पडताळणीच्या पडद्यावर सुमारे ५२० छायाचित्रे येतील आणि त्यांतील ५०० निर्दोष असतील. दर २६ चित्रांत २५ वेळा 'ठीक' हेच बरोबर उत्तर असेल. दोन हजारांत एक चूक करणारे यंत्र कागदावर अत्यंत अचूक दिसते. तरीही ते कामगाराला दिवसभर एकच धडा शिकवत राहते की, यंत्र ओरडते तेव्हा बहुधा काही झालेले नसते.

मानसशास्त्रातील दोन संशोधने येथे प्रस्तुत ठरतात. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, घड्याळासारख्या तबकडीवरील क्वचित होणारा बदल टिपण्याची माणसाची क्षमता पहिल्या अर्ध्या तासातच घसरते, असे दिसले. जेरेमी वुल्फ व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले की, शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तर ती सुमारे ७ टक्के वेळा नजरेतून सुटते, परंतु शंभरात एकदाच असेल तर सुमारे ३० टक्के वेळा सुटते. पडताळणीत यंत्र संशयित जागा दाखवून देत असल्याने हे आकडे येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. मात्र दुर्मीळतेमुळे नजर बोथट होते, हे तत्त्व येथेही दृष्टिआड करता येत नाही.

यातून जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. सदोष बोर्ड ग्राहकापर्यंत पोहोचला, तर नोंदीत असे दिसते की, यंत्राने दोष दाखवला होता आणि अमुक पाळीतील अमुक कामगाराने 'ठीक' म्हटले. ही नोंद खरी असते, पण अपुरी असते. मर्यादा कोणी ठरवली, एका पाळीत किती चित्रे पडद्यावर आली, प्रत्येक चित्रासाठी किती सेकंद मिळाले, विश्रांती किती होती, हे त्या नोंदीत नसते. कळ दाबणाऱ्याचे नाव राहते. ती कळ दाबण्याची सवय ज्या व्यवस्थेने लावली, तिचे नाव राहत नाही. पुणे जिल्ह्यातील रांजणगावसारख्या औद्योगिक वसाहतींतही इलेक्ट्रॉनिक जुळणीचे कारखाने आहेत. त्यामुळे हा प्रश्न मराठी वाचकालाही परका नाही.

वस्तुनिष्ठतेची संकल्पना आणि शिकणारे यंत्र

विज्ञानाच्या इतिहासकार लॉरेन डॅस्टन आणि पीटर गॅलिसन यांनी 'ऑब्जेक्टिव्हिटी' (२००७) या ग्रंथात वैज्ञानिक चित्रसंग्रहांच्या आधारे वस्तुनिष्ठतेचा इतिहास मांडला आहे. एकोणिसाव्या शतकात माणसाचा हस्तक्षेप टाळून यंत्राकरवी चित्र मिळवणे म्हणजेच वस्तुनिष्ठता, ही धारणा प्रबळ झाली. विसाव्या शतकात मात्र चित्राचा अर्थ लावण्यासाठी प्रशिक्षित निर्णयशक्ती अपरिहार्य आहे, ही जाणीव तिच्या जोडीला आली. या मांडणीच्या प्रकाशात पाहता, आयपीसीचा ग्रंथ प्रशिक्षित निर्णयशक्तीच्या परंपरेत बसतो, तर कॅमेरा-तपासणीचा पुरस्कार बहुधा यांत्रिक वस्तुनिष्ठतेच्या भाषेत केला जातो. ग्रंथ दुसऱ्या परंपरेतला आणि त्याची अंमलबजावणी पहिल्या परंपरेतली, हा त्यातील अंतर्विरोध होय.

अलीकडे हजारो छायाचित्रांवरून स्वतःच शिकणारी यंत्रे या क्षेत्रात आली आहेत. त्यांना हाताने मर्यादा भरून द्याव्या लागत नाहीत आणि त्यांमुळे फॉल्स कॉल कमी होऊ शकतात. परंतु शिकण्यासाठी त्यांना 'सदोष' व 'निर्दोष' अशी चिठ्ठी लावलेली चित्रे लागतात. त्या चिठ्ठ्या जर पडताळणी-केंद्रावरील जुन्या निर्णयांतून उचलल्या, तर थकलेल्या नजरेने घाईत दाबलेली कळही यंत्राचा गुरू ठरते. पूर्वी मर्यादेचा आकडा निदान वाचता येत होता आणि त्याविषयी वाद घालता येत होता. आता निकष लाखो अंतर्गत संख्यांत विखुरलेला असतो. अशा वेळी चिठ्ठी कोणी लावली आणि कोणत्या परिस्थितीत लावली, याची नोंद ठेवणे पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. दोष ही छायाचित्रात सापडणारी वस्तू नाही. उत्पादनाचा हेतू, मानकातील शब्द आणि प्रत्यक्ष सांधा यांच्या परस्परसंबंधातून ठरणारा तो निवाडा आहे.

२. कॅमेरा-तपासणीत मानवी निर्णय नाहीसा होत नाही. तो नमुने व मर्यादा ठरवण्याच्या वेळी आधी आणि पडताळणीच्या वेळी नंतर, असा दोन ठिकाणी विभागला जातो.

३. तपासणीचे मूल्यमापन केवळ यंत्राच्या अचूकतेवरून करणे पुरेसे नाही. फॉल्स कॉलचे प्रमाण, पडताळणीसाठी मिळणारा वेळ आणि कामगाराचा विश्रांतिकाळ हेही गुणवत्तेचेच घटक मानले पाहिजेत.

४. पडताळणी करणाऱ्याला प्रत्यक्ष बोर्ड हाती घेऊन भिंगाखाली पाहण्याची मुभा आणि मर्यादेविषयी शंका नोंदवण्याचा अधिकार असावा. निर्णयाची जबाबदारी ज्याच्यावर टाकायची, त्याला निर्णयाची साधनेही दिली पाहिजेत.

सारांश, यंत्राने माणसाच्या डोळ्यांचे श्रम हलके केले, हे त्याचे मोठे श्रेय आहे आणि ते त्याला दिलेच पाहिजे. मात्र सोन्याचा कस उमटतो तो कसोटीच्या दगडावर आणि तो वाचतो पारखी. दगड कितीही उत्तम असला, तरी त्यावरील रेघ वाचणाऱ्याला वेळ, प्रशिक्षण आणि मान न देणारी पेढी फार काळ विश्वासार्ह राहू शकत नाही. सर्किट बोर्डाच्या तपासणीलाही हाच न्याय लागू पडतो.